आवडूचा पाय

"पाय वर ठेवू नको. खाली, त्या धोंड्यार ठेव."

मालवणच्या बाजारातला सोनार माझ्या आईला म्हणाला. आई त्याच्या पायरीला लागलीसुद्धा नव्हती. चांगली लांब उभी होती. तरी म्हणाला. आम्ही महार. तोंडवलीकडून खाडी उतरून, तापल्या रस्त्याने चालत आलो होतो. आई, काका आणि मी. माझ्या बापाचं बारावं नुकतंच उरकलं होतं. काका म्हणजे बापाचा धाकटा भाऊ. महारवाड्यातल्या बायांनी त्याला बजावून पाठवलं होतं, जोडवं कापून घेतल्याशिवाय परत येऊ नको.

नवरा गेला की बाईचं कुंकू पुसतात, कांकणं फोडतात, पायातली जोडवी काढतात. आईचं कुंकू पुसलं. कांकणं फुटली. डाव्या पायातलं जोडवं सहज निघालं. उजव्यातलं निघेना. उजवा पाय हत्तीपाय. गुडघ्याखाली सुजून सुजून केळीच्या बुंध्याएवढा झालेला. बोटं एकमेकांत रुतलेली, मांस जोडव्यावर चढून बसलेलं. बायांनी खोबरेल चोळलं, साबण लावला, दोरा गुंडाळून ओढलं. आई ओठ चावून बसली होती. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "सोनाराकडे न्हेवा. कापूचाच लागतला."

चांदीचं नव्हतं ते. आमच्यात कुठली आलीय चांदी. काशाचं होतं, वर मासोळी कोरलेली. बापाने लग्नात घातलेलं.

सोनाराने कातर उचलली. आईच्या पायाकडे बघितलं, मग आपल्या कातरीकडे बघितलं. ती कातर त्याने जागेवर ठेवून दिली. आतून दुसरी काढली, गंजलेली, आणि काकाच्या पुढ्यात धुळीत टाकली.

"तूच काप. माझो हात ह्या पायाक लागाचो नाय."

काका गडगे घालणारा. लोकांच्या बागांना दगडाची कुंपणं रचून त्याचं पोट भरे. त्याचा हात चिऱ्याला सरावलेला, बाईच्या बोटाला नाही. कातर अर्धी जोडव्यात गेली, अर्धी मांसात. काशावर एक खाच पडली, तेवढीच. रक्त मात्र भळाभळा आलं. आई एवढंच म्हणाली, "आवशी गे."

"माझ्या दारात रगत? ता आदी धुवन काढा," सोनार म्हणाला.

धुवायला पाणी कुठलं? बाजारातल्या विहिरीला आमचा हात चालत नव्हता. स्वातंत्र्य आलं होतं. कायदाही झाला होता म्हणे. पण तो कायदा अजून मालवणच्या विहिरीपर्यंत पोचायचा होता. मी विहिरीशी जाऊन उभी राहिले, कोणीतरी ओंजळीत वाढेल म्हणून. बाया कळश्या भरून माझ्या अंगावरून निघून गेल्या. परत आले तर आई रस्त्यावर वाकून आपलं रक्त आपल्याच पदराने पुसत होती. तो पाय मागे ओढत, पुसत, पुढे सरकत होती. अख्खा बाजार बघत होता. कोणी हसलं नाही हं. हसले असते तर निदान आम्ही माणसं आहोत असं तरी वाटलं असतं. गुरं रस्त्यात घाण करतात तेव्हा लोक ज्या नजरेने बघतात, तसे बघत होते.

तेव्हा समोरच्या माडीवरून तो उतरला.

पांढरा कोट, पायात वहाणा, डोळ्यांवर चष्मा. सरळ आला, रस्त्यावर मांडी घालून बसला, आणि आईचा तो पाय त्याने उचलून आपल्या मांडीवर घेतला. जात विचारली नाही. नाव विचारलं. आई घाबरून पाय ओढून घेत होती. त्याने सोडला नाही. आपल्या रुमालाने जखम बांधली.

"जोडव्याक हात लावू नकात," तो काकाला म्हणाला. "चिघळतला. ऱ्हवूदे ता." मग आईकडे बघून हळूच म्हणाला, "माझ्या आवशीचोय असोच पाय होतो, आवडू."

आवडू माझ्या आईचं नाव. बाजारातल्या कोणी तिला त्या नावाने हाक मारण्याची ती पहिलीच वेळ. आई रडायला लागली. बाप गेला तेव्हा एवढी रडली नव्हती.

त्या माणसाला सगळा तालुका रगत-डॉक्टर म्हणायचा. खरं तर तो औषधं देणारा डॉक्टर नव्हेच. रोग शरीरात शिरून काय काय करतो, त्याचं शास्त्र तो मुंबईला शिकला. विकृतिशास्त्र म्हणतात, हे मी पुढे शिक्षिकेच्या ट्रेनिंगला असताना वाचलं. मुंबईतली मोठी जागा सोडून तो गावी परतला, घराच्या माडीवर प्रयोगशाळा मांडली. आमच्या भागात सूक्ष्मदर्शक त्यानेच पहिल्यांदा आणला. लोक त्याला दुर्बीण म्हणायचे. रक्त बघ, थुंकी बघ, शौच बघ, आणि सांग आत काय शिरलंय. सुरुवातीला लोक त्याची टर उडवत. एवढा शिकून लोकांचा गू बघता, म्हणत. त्याची आई ह्याच पायाने अंथरुणाला खिळली आणि गेली, म्हणून त्याने हाच रोग अभ्यासाला धरला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोठ्या घरातली बाई होती ती. रोगाला घर कळत नाही.

जोडवं राहिलं. वाड्यातल्या बाया तिला टोचून बोलायच्या, "घोव गेलो, जोडवां ऱ्हवलां." आई हसून म्हणायची, "डॉक्टराचो हुकूम आसा." विधवा बाई, आणि एका पायात जोडवं. लग्नकार्यात तिला मागे बसवत, सांगत, पाय लुगड्याखाली घे. ती घ्यायची. पण डॉक्टर वाड्यात आला की तोच पाय पुढे करून बसायची.

आणि तो यायचा. जेवणं झाल्यावर यायचा, कंदील घेऊन. लोक म्हणत, काळोखात येतो तो आपल्या लोकांनी बघू नये म्हणून. मी भांडायचे. कारण त्याने मला सांगितलं होतं, ह्या रोगाचे जंतू दिवसा आत दडून बसतात आणि रात्री रक्तात फिरायला निघतात. दिवसा रक्त काढलं तर काचेवर काही सापडत नाही. आमच्या जमिनीवर बसायचा. आमच्या तांब्यातलं पाणी प्यायचा. एकदा त्याने मला माडीवर नेऊन दुर्बिणीत डोळा लावायला लावला. काचेवर काहीतरी बारीक वळवळलं. "हीच ती," म्हणाला. "करणी नाय, पाप नाय, देवाचो कोप नाय. ही आळी आसा. आणि ध्यानात ठेव बाय, डास चावल्याशिवाय ह्यो रोग एकाचो दुसऱ्याक होणा नाय. शिवान होणा नाय. जेवान होणा नाय. मेलेल्याक हात लावन होणा नाय."

मी पाठ केलं. कविता पाठ करावी तसं. वाड्याभर सांगत फिरले.

त्याने डबकी बुजवली, गटारांत घासलेट टाकायला लावलं, गोळ्या वाटल्या. माझ्यामागून जन्मलेल्या आमच्या पोरांत हत्तीपाय फारसा दिसत नाही. हे मी लपवणार नाही. लपवलं तर मी त्याच्यासारखीच होईन. शाळेत गुरुजी मला पडवीत बसवत. डॉक्टर एक दिवस शाळेत गेला, गुरुजींशी काय बोलला देव जाणे, दुसऱ्या दिवशी मी आत. पाटावर, बाकीच्या पोरींच्या रांगेत. माझं पुढचं सगळं शिक्षण त्याच्या शब्दाने झालं. वाड्यात म्हणायचे, देवमाणूस. मीही म्हणायचे. आमच्या मातीच्या भिंतीवर त्याचा फोटो होता, वर्तमानपत्रातून कापलेला.

आई गेली ती तापाने. त्या पायाला मधूनमधून लाली चढायची, थंडी वाजून ताप भरायचा, उतरायचा. त्या वेळी उतरला नाही. डॉक्टर आला तेव्हा ती संपली होती. तो उंबऱ्यात बसला, चष्मा काढला, डोळे पुसले. ते रडणं खोटं होतं असं मी आजही म्हणत नाही. खोटं असतं तर बरं झालं असतं. खोट्या माणसाला शिवी देऊन मोकळं होता येतं.

मग काकाला म्हणाला, "आवडूक एक दिवस माझ्याकडे ठेवा. आत रोगान काय काय केलां ता माका बघूचा आसा. नुसतां बघतंय. मगे तुमच्या हाती देतंय."

काका म्हणाला, "डॉक्टरानु, तुमी सांगशात तसां."

काय म्हणणार तो? ज्याने भर बाजारात वहिनीचा पाय मांडीवर घेतला त्याला नाही म्हणायचं?

आमच्यात मेलेल्या माणसाला घरच्या माणसांनी ऊन पाण्याने न्हाऊ घालायचं असतं. शेवटचा तांब्या लेकीचा. आई असेल तर लेकीने तिच्या पायांवर पाणी घालायचं, मग तिला उचलायची. का ते मला ठाऊक नाही. आजी सांगायची, वाट लांब आसता, पाय ओले आसाक व्हये. तेवढंच. लेक नसेल त्या बाईच्या पायांवर भावकीतली पोर घालते, पण पाय कोरडे जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी होडीतून आईला आणली. पांढऱ्या कापडात गळ्यापासून खालपर्यंत शिवलेली. टाके घातलेले, गोणी शिवतात तसे. तोंड तेवढं उघडं. डॉक्टर सोबत आला होता.

"कापड सोडू नकात," तो म्हणाला. "आत जंतू आसत. न्हाणां नको. तसांच न्हेवा."

मी तांब्या घेऊन उभी होते. पाणी ऊन होतं, हाताला चटका बसत होता. काकाने माझ्याकडे बघितलं, मान हलवली. मी ते पाणी माडाच्या मुळात ओतलं. आई कोरड्या पायांनी गेली. बाया कुजबुजल्या. पण डॉक्टरच्या शब्दापुढे कोण बोलणार?

काका पायांकडे खांद्याला होता. वाळूतून जाताना तो मागे वळून मला म्हणाला, "पाय हलको लागता गो. मरणान तिचो पाय हलको केलो."

हे वाक्य वाड्यात सगळ्यांच्या तोंडी झालं. जन्मभर ओढला तो पाय, मेल्यावर हलका झाला. आवडू सुटली. बाया पदर डोळ्यांना लावून सांगायच्या. माझ्यासाठी तर तो देवाचा प्रसादच होता. रडू आलं की मी मनात म्हणायचे, पाय हलका झाला. ट्रेनिंग कॉलेजच्या वसतिगृहात पोरी माझ्या ताटाशेजारी बसत नसत, तेव्हाही मला वाटायचं, असू दे, आपली आई तरी हलकी होऊन गेली. ह्या वाक्यावर मी वर्षं काढली.

मधल्या काळात वाड्याने मेलेली गुरं ओढणं सोडलं. आम्ही बौद्ध झालो. घरातले देव समुद्रात गेले, देवांच्या तसबिरी उतरल्या. डॉक्टरचा फोटो मात्र राहिला. त्याला कोणी देव मानून ठेवला नव्हता, आपला माणूस म्हणून ठेवला होता.

मी शिक्षिका झाले. मालवणातच शाळा मिळाली. आणि डॉक्टरचा साठाव्या वर्षाचा सत्कार ठरला.

मुंबईहून मोठमोठे डॉक्टर येणार होते. त्याने जन्मभर जमवलेले नमुने आता एका संस्थेच्या इमारतीत मांडले होते, त्या दालनाचं उद्घाटन त्याच दिवशी. त्याचंच नाव दिलं होतं दालनाला. आमच्या हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "तुम्ही दोन शब्द बोलायचे. तुमच्या समाजातर्फे. मी लिहून देतो." दिलं लिहून. अंधारातून प्रकाशाकडे, परिसस्पर्श, ऋणातून उतराई. मी वाचलं, आणि खरं सांगते, मला ते भाषण आवडलं. मी नवं पातळ नेसले होते. हार मीच घालायचा होता.

सभेआधी पोरींना दालन दाखवायला घेऊन गेले. काचेच्या बरण्या ओळीने लावलेल्या. औषधाचा वास असा की डोळ्यांना पाणी येत होतं. यकृत, प्लीहा, फुप्फुसं. संस्थेचा एक कारकून हातात छडी घेऊन माहिती देत होता. शेवटची बरणी सगळ्यांत मोठी. मधोमध टेबलावर ठेवलेली, तिच्यावर खास दिवा.

"आणि हा आपल्या संग्रहाचा मानबिंदू," कारकून म्हणाला. छडी काचेवर टकटक वाजवली. "हत्तीपाय."

पोरी फिसकन हसल्या. एक म्हणाली, "शी गो, खराच हत्तीचो." कारकूनही हसला.

गुडघ्याखालून कापलेला पाय. पांढुरका पडलेला, बोटं एकमेकांत रुतलेली. आणि दुसऱ्या बोटावर मांसात अर्धं बुडालेलं जोडवं. काशाचं. वर मासोळी. मासोळीच्या शेपटीशी खाच.

काकाच्या हातची खाच.

मी वाकले. जवळ गेले. काचेला कपाळ लागलं. खाली पट्टी होती, तिच्यावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं: स्त्री, अज्ञात.

अज्ञात! ज्याने तिला भर बाजारात नावाने हाक मारली, त्याच्याच दालनात ती अज्ञात.

तेव्हा एकेक गोष्ट कानात वाजायला लागली. पाय हलको लागता गो. कापड सोडू नकात. जंतू आसत आत. अरे, पण तूच तर मला शिकवलं होतंस! डासाशिवाय होत नाही. शिवून होत नाही. मेलेल्याला हात लावून होत नाही. मी पाठ केलं होतं ते. तुझ्या तोंडचं शास्त्र आम्ही खरं मानलं, आणि आमच्याच दारात उभा राहून तू त्याच शास्त्राच्या नावाने खोटं बोललास. आम्ही टाके उसवू नयेत म्हणून. सोनाराने निदान तोंडावर सांगितलं, हात लावणार नाही. ह्याने हात लावला आणि केसाने गळा कापला.

पोरींना बाहेर बसवलं. मी स्टेजवर गेले. हार तबकातच राहिला.

तो खुर्चीत बसला होता, अंगावर शाल. मला बघून हसला. तेच हसू. मला वाटलं होतं मी ओरडेन. आवाज बारीक निघाला. हेडमास्तरांचा कागद मी दुमडून मुठीत धरला होता. सगळ्या सभेत शुद्ध मराठी चालली होती. मी माझ्या आईच्या बोलीत बोलले.

"डॉक्टरानु, आत त्या बरणयेत माझ्या आवशीचो पाय आसा."

त्याच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. हळूहळू गेलं. मग तो उठला, माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता म्हणेल, बाय, चुकलो. खरंच वाटलं. त्या क्षणी त्याने एवढं म्हटलं असतं ना, तर मी तिथेच त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले असते, आणि आज हे सांगत बसले नसते.

तो म्हणाला, "मुली, त्या एका पायामुळे किती लोक वाचले, तुला कल्पना आहे?"

शुद्ध मराठीत. जन्मात पहिल्यांदा तो माझ्याशी शुद्ध मराठीत बोलला.

"आसा," मी म्हटलं. "इचारलां आसतां, तर तिणाच दिलो आसतो."

खरंच दिला असता. मी माझ्या आईला ओळखते. तो आला की पाय पुढे करून बसणारी बाई ती. माझ्यामागे कोणाला हा पाय नको, म्हणून तिने दोन्ही पाय कापून दिले असते.

"विचारलं असतं तर तुम्हां लोकांना समजलं नसतं."

तुम्हां लोकांना. आमच्या जमिनीवर बसून, आमच्या तांब्यातलं पाणी पिऊन, शेवटी आम्ही तुम्ही-लोकच. दुर्बिणीत डोळा लावायला मला दिलास, तेव्हा मला समजेल असं वाटलं होतं ना तुला? का तेव्हाही मी काचेवरचीच होते?

मी विचारलं, "तुमच्या आवशीचोय असोच पाय होतो. तो खंय आसा, डॉक्टरानु?"

मालवणात सगळ्यांना माहीत होतं. त्याची आई सबंध गेली होती. न्हाऊन, माखून, चंदनाचं लाकूड लावून, मंत्र म्हणून. तो पायही शास्त्राच्या कामाचा होता. तोच रोग, तीच आळी, तीच सूज. पण आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तिथे त्याची सुरी चालली नाही. आपल्या आईला जाळताना तो मुलगा होता. माझ्या आईपाशी तेवढा शास्त्रज्ञ झाला.

कोणीतरी ध्वनिक्षेपक बंद केला. हेडमास्तरांनी माझं कोपर धरलं आणि मला खाली उतरवलं. पाठीमागे टाळ्या सुरू झाल्या होत्या, कशाला ते मला कळलं नाही. पुढचा वक्ता उभा राहिला असेल.

घरी जाऊन काकाला सांगितलं. तो गडग्याचे दगड लावत होता. ऐकून खाली बसला. मग म्हणाला, "मगे थय आमी काय पुरलां गो?"

मला काय ठाऊक. पेंढा असेल. केळीचा दांडा असेल. काकाने तो खांद्यावरून नेला होता आणि हलका लागला म्हणून देवाचे आभार मानले होते. तो म्हातारा माणूस हुंदके देऊन रडला. माझ्याजवळ एकच समाधानाचं वाक्य होतं. डॉक्टरने तेही बरणीत घातलं होतं.

मी भिंतीवरचा फोटो उतरवायला लागले, तर काकाच म्हणाला, "ऱ्हवूदे गो. आमच्या पोरांचे पाय त्येणा वाचवल्यान."

"वाचवल्यान," मी म्हटलं. "म्हणान फोडणंय नाय. उतरवतंय."

पुढचं काय सांगायचं. शाळेने माफी लिहून द्यायला सांगितली, दिली नाही. बदली झाली, रेडीला. दिवसभर खनिजाचे ट्रक, लाल धूळ, आणि बंदरावरच्या हमालांची पोरं माझ्या वर्गात. मला मानवलं. संस्थेकडे मी पाय मागितला. म्हणाले, तो आता संस्थेची मालमत्ता आहे. मी म्हटलं, माझ्या आईचा पाय तुमची मालमत्ता कधीपासून? मग एक सभ्य गृहस्थ मध्ये पडले. म्हणाले, "आपण असं करू. बरणीखाली पितळी पाटी लावू, एका अज्ञात मातेच्या स्मरणार्थ." मऊ लागलं की कोपराने खणायचं, ही ह्यांची जुनी खोड. मी म्हटलं, अज्ञात कोण? नाव आहे तिला. आवडू. पाटी नको. पाय द्या.

डॉक्टर गेला. त्याने मला बोलावलं नाही, मी गेले नाही. आता चौकात त्याचा अर्धपुतळा आहे. दर वर्षी हार पडतो, भाषणं होतात, दीपस्तंभ वगैरे म्हणतात. म्हणोत. त्याने आळी शोधली, डबकी बुजवली, ते खरंच आहे. त्या भाषणातलं एक अक्षर मी खोडत नाही. फक्त त्यात माझ्या आईचं नाव नाही तोवर ते अर्धं आहे, आणि अर्धं सांगणं म्हणजे काय हे मी पांढऱ्या कापडाच्या टाक्यांवरून शिकले.

आता वाड्यात एक झालं आहे. कोणी गेलं तर आम्ही शिवलेलं माणूस घेत नाही. सरकारी दवाखान्यातून आलं, पोलिसांकडून आलं, कोणीही आणून दिलं, काका म्हणतो, आदी सोडा. आम्ही टाके उसवतो. हात, पाय, बोटं बघतो. न्हाऊ घालतो. मग उचलतो. दवाखान्यातले लोक चिडतात, अडाणी म्हणतात. म्हणू दे. देहाचा काही भाग कोणाला शास्त्रासाठी हवा असेल तर त्याने उंबऱ्यात बसून मागावा, नावासकट. आम्ही देऊही. पण मागावा लागेल.

आणि मी सुट्टीत मालवणला जाते. दालन बघायला कोणाला मनाई नाही. माझ्या वर्गातली पोरं घेऊन जाते, आणि कारकुनाने छडी उचलायच्या आधी मीच सांगते. ही आवडू. माझी आई. हा पाय तिने दिलेला नाही, तिचा घेतलेला आहे. पोरं हसत नाहीत. कारकून दुसरीकडे बघतो. मला हाकलायचं धाडस अजून कोणाला झालेलं नाही, आणि झालं तर मी दारात बसून सांगेन.

आईला पुरलं तिच्या पायाशी काकाने एक खड्डा खणून ठेवला आहे. लहानसा. पावसाळ्यात समुद्राचा वारा त्यात वाळू भरतो, पावसाळा संपला की आम्ही पुन्हा उपसतो. काका थकला, आता मी उपसते. लोक विचारतात, किती वर्षं करणार? तो खड्डा भरेपर्यंत. वाळूने नाही.

पाय आला की आधी बरणीतलं ते घाण पाणी ओतून टाकीन. मग ऊन पाणी काढीन. तेव्हाचा तांब्या मी अजून ठेवला आहे. तो पाय कोरडा जाणार नाही. मी मेले तर माझ्या वर्गातली कोणी पोर घालील, त्यांना मी सांगून ठेवलं आहे.